ते औषध नाही डॉक्टर, ते केसांचं आहे

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि आठवडाभरात माझे एक जुने पेशंट आले. वय अठ्ठेचाळीस, बँकेत नोकरी. सहा वर्षं बीपीच्या गोळ्या न चुकता घेतात आणि दर तीन महिन्यांनी फोन न करता येतात. असे पेशंट डॉक्टरला मनापासून आवडतात. या वेळी मात्र ते तारखेच्या आधीच आले. म्हणाले, "डॉक्टर, चप्पल घट्ट होतेय." घोट्यावर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. वजन तीन किलो वाढलेलं. नाडी मिनिटाला १०४. एरवी यांची नाडी पंचाहत्तरच्या पुढे जात नाही.

मी काय केलं? जे कुठलाही फिजिशियन करेल ते. त्यांच्या गोळ्यांत अम्लोडिपिन होती आणि तिनं पायाला सूज येते, हे आम्हाला कॉलेजपासून पाठ असतं. ती बंद केली, दुसरी दिली. दोन आठवड्यांनी सूज होती तिथंच, वर जिना चढताना धाप. मग लघवी, क्रिएटिनीन, थायरॉइड, ईसीजी. नाडी जलद, बाकी सगळं व्यवस्थित. मग टूडी इको. हृदयाचं पंपिंग उत्तम, पण हृदयाभोवतीच्या पिशवीत थोडं पाणी.

आपल्या देशात हृदयाभोवती पाणी म्हटलं की डॉक्टरला आधी टीबी आठवतो, आणि तो आठवलाच पाहिजे. छातीचा एक्स-रे झाला, मांटू टेस्ट झाली, आणखी रक्त गेलं. सात-आठ हजार रुपये खर्च झाले. टीबीची सहा महिन्यांची औषधं सुरू करावीत का, यावर माझी आणि कार्डिओलॉजिस्टची फोनवर चर्चा चालू होती. इतक्यापर्यंत गोष्ट गेली होती.

त्या दिवशी मी त्यांना तिसऱ्यांदा विचारलं, "दुसरं कुठलं औषध घेता का? आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, पावडर, काहीही?" ते म्हणाले, नाही. शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "अहो, ती केसांची गोळी?" त्यावर ते हसले आणि म्हणाले, "ते औषध नाही डॉक्टर, ते केसांचं आहे."

वहिनींनी पर्समधून स्ट्रिप काढली. मिनॉक्सिडिल, ५ मिलिग्रॅम.

सात महिन्यांपूर्वी एका हेअर क्लिनिकनं व्हिडिओ कॉलवर चार मिनिटं बोलून अर्धी गोळी रोज घ्यायला सांगितली होती. बीपी किती, कोणती औषधं चालू आहेत, असं कोणी विचारलं नाही. दोन महिन्यांनी त्यांनी स्वतःच ती एक केली. केस आले, खरंच आले. मग त्यांनी हिशेब केला की एका गोळीनं एवढे आले तर दोन गोळ्यांनी दसऱ्यापर्यंत भांग पडेल. मेडिकलवाल्यानं स्ट्रिपमागून स्ट्रिप दिली. म्हणजे हा माणूस रोज १० मिलिग्रॅम मिनॉक्सिडिल घेत होता, आणि मी त्याच्या पायाच्या सुजेचं खापर बिचाऱ्या अम्लोडिपिनवर फोडत होतो.

तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कानाच्या पाळ्यांवर आणि गालाच्या हाडांवर काळी लव आली होती. तीन भेटींत ती माझ्या समोर होती.

गोळी बंद केली. दहा-बारा दिवसांत सूज उतरली, वजन पूर्वीवर आलं, नाडी खाली आली. सहा आठवड्यांनी इको केला तेव्हा पाणी नव्हतं. टीबीची औषधं सुरू झाली असती तर? पाणी तसंच राहिलं असतं, कारण गोळीही चालूच राहिली असती, आणि त्या औषधांचे लिव्हरवरचे त्रास वर मिळाले असते.

हा लेख मी रागानं लिहितोय, हे आधीच सांगतो. पहिला राग माझा माझ्यावर आहे. दुसरा राग त्या चार मिनिटांच्या कॉलवर, आणि चिठ्ठी न बघता स्ट्रिप कापून देणाऱ्या काउंटरवर. तिसरा, क्षमा करा, तुमच्यावर आहे. "ते औषध नाही" हे वाक्य मी त्यानंतर इतक्या जणांकडून ऐकलं आहे की आता ते ऐकलं तरी माझंच बीपी वाढतं.

म्हणून हे औषध काय आहे, ते आधी समजून घ्या.

मिनॉक्सिडिल हे बीपीचं औषध आहे. "बीपीलाही चालतं" असं नाही, जन्मच त्याचा बीपीसाठी. अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचं गाव आहे, तिथल्या अपजॉन कंपनीचं हे संशोधन. सुरुवात झाली अल्सरवरच्या औषधाच्या शोधात. अल्सरला त्याचा उपयोग झाला नाही, पण रक्तवाहिन्या सैल करण्याची त्याची ताकद जबरदस्त निघाली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लोनिटेन या नावानं ती गोळी मंजूर केली, आणि तीही फक्त अशा रुग्णांसाठी, ज्यांचं बीपी लघवी वाढवणारी गोळी आणि आणखी दोन औषधं पूर्ण डोसमध्ये देऊनही आटोक्यात येत नाही. गोळीच्या माहितीपत्रकावर पहिल्यापासून काळ्या चौकटीतला इशारा आहे, म्हणजे तिथला सगळ्यात कडक इशारा. त्यात लिहिलं आहे की या गोळीनं हृदयाभोवती पाणी साठू शकतं, हृदयविकाराच्या रुग्णाचं छातीत दुखणं वाढू शकतं, आणि ही गोळी एकटी देऊ नये. सोबत नाडी ताब्यात ठेवणारं एक औषध आणि अंगातलं पाणी काढणारं एक औषध द्यावं.

एकटी का देऊ नये? आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. मिनॉक्सिडिल ते सैल करतं, वाहिन्या रुंद होतात, दाब उतरतो. शरीराला वाटतं, रक्त कमी पडलं की काय. मग दोन हुकूम सुटतात. हृदयाला हुकूम, जोरात पळ. किडनीला हुकूम, मीठ आणि पाणी सोडू नको. पहिल्यानं धडधड होते, दुसऱ्यानं सूज येते आणि वजन वाढतं. माझ्या पेशंटला जे झालं त्यात काहीही चमत्कारिक नव्हतं. गोळीनं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे काम केलं होतं.

केसांचा शोध अपघातानं लागला. १९७१ च्या सुमारास कोलोरॅडो विद्यापीठात बीपीच्या रुग्णांवर हे औषध तपासलं जात होतं. तिथले त्वचेचे डॉक्टर ग्विंटर कान आणि त्यांचे सहकारी पॉल ग्रँट यांच्या लक्षात आलं की हे औषध घेणाऱ्या एका बाईच्या अंगावर नको तिथं केस येताहेत. त्यांनी औषध द्रवात मिसळून स्वतःच्या अंगावर लावून पाहिलं, आणि केस आले. पुढे पेटंटवरून त्यांचं आणि कंपनीचं भांडण झालं, ती कथा वेगळी. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की केसांसाठी म्हणून जे तयार झालं ते डोक्याला लावायचं द्रव होतं. रोगेन या नावानं १९८८ मध्ये पुरुषांसाठी ते मंजूर झालं, १९९१ मध्ये स्त्रियांसाठी, आणि १९९६ पासून तिथं ते विनाचिठ्ठी मिळू लागलं. केसांसाठी गोळीला मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आजतागायत मंजुरी दिलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग त्वचेचे डॉक्टर देतात ते काय चुकीचं आहे? नाही. मंजूर नसलेल्या कारणासाठी जुनं औषध विचारपूर्वक वापरणं हे वैद्यकात रोज चालतं, मीही करतो. ऑस्ट्रेलियातले रॉडनी सिंक्लेअर आणि इतर काही त्वचारोगतज्ज्ञांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत अगदी कमी डोसमध्ये गोळी वापरून दाखवली. स्त्रियांना पाव मिलिग्रॅमपासून अडीचपर्यंत, पुरुषांना साधारण अडीच ते पाच. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर बातमी आली आणि जगभर मागणी सुटली. आपल्याकडे ती रीलवरून आली.

आणि या वापराचे आकडे बरे आहेत, हेही मी लपवणार नाही. २०२१ मध्ये १४०४ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नको तिथं केस येणं सुमारे १५ टक्क्यांना झालं. चक्कर १.७ टक्के, अंगात पाणी साठणं १.३ टक्के, धडधड एक टक्क्याहून कमी. यात गंभीर काही निघालं नाही. म्हणजे योग्य माणसाला, योग्य डोसमध्ये, लक्ष ठेवून दिली तर गोळी बऱ्यापैकी सुरक्षित आहे. माझं भांडण गोळीशी नाहीच. पण ते १४०४ जण डॉक्टरांनी निवडलेले होते, त्यांना तारखा दिलेल्या होत्या, त्यांना कोणीतरी परत विचारत होतं. तुमच्या मेव्हण्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोवरून जो स्ट्रिप घेऊन येतो, तो त्या आकड्यांत नाही.

"डोस तर कमी आहे ना." हा मला सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद. बीपीसाठी मोठ्या माणसाला मिनॉक्सिडिल सुरू करायचा डोस किती, माहीत आहे? दिवसाला ५ मिलिग्रॅम. आणि केसांसाठी पुरुषांना देतात तो वरचा डोस किती? तोही ५. केसांच्या भाषेत जो "लो डोस", तोच बीपीच्या भाषेत पहिला डोस. १० ते ४० मिलिग्रॅममध्ये हट्टी बीपी आटोक्यात येतं, आणि तुम्ही स्वतःच्या मनानं दोन गोळ्या घेतल्या की त्या रांगेत जाऊन उभे राहता, तेही सोबतची दोन संरक्षक औषधं न घेता. काही जण स्वस्त पडते म्हणून १० ची गोळी आणून ब्लेडनं तिचे चार तुकडे करतात. ते तुकडे कधी सारखे झालेले पाहिलेत? आज तीन, उद्या दीड.

दुसरा युक्तिवाद उलट्या दिशेनं येतो, आणि मला तो जास्त घातक वाटतो. "मला बीपी आहेच, हे बीपीचंच औषध आहे, म्हणजे एका गोळीत दोन्ही." या समजुतीनं एका गृहस्थांनी टेल्मिसार्टन बंद करून टाकली होती. ते आले तेव्हा बीपी १८०/१०६. केसांच्या डोसमध्ये या गोळीनं बीपी भरवशानं उतरत नाही, आणि उतरण्याइतकी घेतली तर पाणी साठतं. बीपीची पहिली गोळी म्हणून आज कोणीही मिनॉक्सिडिल देत नाही, कारण बीपीच्या औषधाकडून आपल्याला नुसता आकडा कमी झालेला नको असतो, हृदय आणि किडनी सांभाळली जायला हवी असते. तुमची चालू बीपीची गोळी कृपा करून सोडू नका.

ज्यांचं बीपी मुळातच शंभरच्या आसपास असतं, त्यांची वेगळी पंचाईत. शिडशिडीत मुली, उन्हात उभं राहून काम करणारी माणसं, उपवास करणारे. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी. त्यात दारू किंवा सिल्डेनाफिलसारखी गोळी पडली तर आणखी. जिममध्ये जाणारी मुलं व्यायामाआधी कॅफिनची पावडर घेतात, केसांची ही गोळी घेतात, आणि छातीत धडधडतं म्हणून रात्री अकराला ईसीजी काढायला येतात. त्यांनाही औषधांचं विचारलं की उत्तर ठरलेलं, काही नाही घेत.

मग तक्रार येते की लावायचं द्रव चिकट होतं, केस तेलकट दिसतात, टाळूला खाज येते, दिवसातून दोनदा कोण लावणार. सगळं खरं आहे. ज्यांना ते सोसत नाही त्यांच्यासाठी गोळीचा विचार होऊ शकतो. आणखी एक खरं कारण आहे. हे औषध काम करण्यासाठी शरीरातल्या एका एन्झाइमनं त्याचं रूप बदलावं लागतं. काहींच्या टाळूत ते एन्झाइम कमी असतं, त्यांना द्रव लावून फारसा उपयोग होत नाही. गोळी घेतली तर तेच काम लिव्हर करतं. हे ओळखून गोळी देणारे त्वचारोगतज्ज्ञ मला माहीत आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण "गोळी जास्त पॉवरफुल" हे जे दुकानात सांगतात, त्याचं काय? २०२४ मध्ये ब्राझीलमधला एक अभ्यास आला. ९० पुरुष, अर्ध्यांना रोज ५ मिलिग्रॅमची गोळी, अर्ध्यांना ५ टक्क्यांचं द्रव दिवसातून दोनदा, असं २४ आठवडे. गोळी सरस ठरली नाही. नको तिथले केस मात्र गोळीवाल्यांना जास्त आले. ज्याच्या टाळूला द्रव सोसतं त्यानं गोळीकडे वळण्याची घाई का करावी, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

द्रवाची बाटली म्हणजे गुलाबपाणी असंही समजू नका. साध्या हिशेबात पाहा. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. साठ मिलिलिटरच्या बाटलीत ३००० मिलिग्रॅम. एक चहाचा चमचा पोटात गेला तर २५० मिलिग्रॅम, आणि बीपीसाठी दिवसाचा जास्तीत जास्त डोस आहे १००. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर ही बाटली आरशाखालच्या फळीवर खोबरेल तेलाशेजारी ठेवायची वस्तू नाही. मांजर पाळत असाल तर तिला तुमच्या उशीवर आणि डोक्याजवळ येऊ देऊ नका, मांजरांना हे औषध विषासारखं आहे आणि थोड्यानंही ती दगावतात. लहान बाळांचं तर युरोपात घडलेलं आहे. घरातला माणूस डोक्याला हे द्रव लावायचा आणि बाळाला कुशीत घ्यायचा, त्या बाळांच्या अंगावर दाट केस आले. द्रव लावणं बंद झाल्यावर ते गेले. २०२४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी या औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा घालायला सांगितला. लावून झालं की हात साबणानं धुवा आणि टाळू पूर्ण वाळल्याशिवाय बाळाला जवळ घेऊ नका. सांगितल्याप्रमाणे लावलेल्या द्रवातलं जेमतेम दीड टक्का रक्तात उतरतं, पण टाळूवर सुयांचा रोलर फिरवून लगेच वर हे चोपडलं तर हा हिशेब मोडतो.

आता जरा मूळ प्रश्नाकडे. तुमचे केस का गळताहेत, हे कोणी पाहिलं आहे का?

डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, झपाट्यानं केलेलं डाएट, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीनं गळतात. फणीत, उशीवर, बाथरूमच्या जाळीत. माणूस घाबरून जातो. पण बहुतेकांचे ते सहा महिन्यांत आपोआप थांबतात आणि परत येतात. त्या काळात जे काही लावाल किंवा खाल त्याला यश मिळतं, मग ते कांद्याचा रस असो की मिनॉक्सिडिल. बायकांत हिमोग्लोबिन आणि लोह कमी असणं हे कारण मी जवळपास रोज पाहतो. थायरॉइड आहे. नाण्याएवढी चाई पडते, ती वेगळीच गोष्ट. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना दोन-चार दिवसांत टक्कल पडायला लागलं, ते आठवत असेल. तिथं डॉ. हिंमतराव बावसकर यांच्या तपासण्यांत सेलेनियमचं प्रमाण फार वाढलेलं आढळलं आणि बोट रेशनच्या गव्हाकडे गेलं. त्या गावांत मिनॉक्सिडिल वाटलं असतं तर कोणाचं भलं झालं असतं? केस गळणं हे लक्षण आहे, आधी कारण शोधायला हवं.

मिनॉक्सिडिलचा खरा उपयोग आहे तो आनुवंशिक टक्कलात, जिथं केस हळूहळू बारीक होत जातात. तिथंही ते मूळ कारणाला, म्हणजे हॉर्मोनच्या परिणामाला, हात लावत नाही. झोपलेल्या मुळांना लवकर उठवतं आणि केसाचा वाढीचा काळ लांबवतं, एवढंच. म्हणून पहिले काही आठवडे गळणं उलट वाढतं, कारण जुने केस जागा सोडतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. आणि बंद केलं की तीन-चार महिन्यांत मिळवलेलं बरंचसं जातं. म्हणजे चालू ठेवलं तर वर्षानुवर्षं घ्यायचं औषध आहे हे. पंचविशीत सुरू केलं तर पंचेचाळिशीत तुमचं हृदय, तुमच्या इतर गोळ्या, सगळं बदललेलं असेल, आणि ही गोळी तशीच चालू असेल. हे त्या चार मिनिटांच्या कॉलमध्ये कोणी सांगितलं होतं का?

केसांचं दुःख लहान आहे असं मला म्हणायचं नाही. माझं स्वतःचं डोकं चाळिशीतच मोकळं झालं, तेव्हा मला हे बोलायचा अधिकार आहे. स्थळ बघायला गेलेल्या मुलाला केसांवरून नकार येतो, तो घरी येऊन टोपी काढत नाही, आई त्याला माझ्याकडे घेऊन येते. त्याला "हे काय आजारपण आहे का" म्हणून हसणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. असं हसल्यामुळेच तो पुन्हा डॉक्टरकडे जात नाही, मोबाईलकडे जातो. गेल्या महिन्यात एक मुलगी आली, बाळ चार महिन्यांचं, अंगावर पाजणारी. पार्लरमधल्या बाईनं तिला ही गोळी सुचवली होती. बाळंतपणानंतरची साधी गळती होती, आपोआप थांबणारी. मिनॉक्सिडिल आईच्या दुधात उतरतं. गरोदर असताना, दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असताना आणि बाळाला पाजताना ही गोळी घ्यायची नाही. तिला हे सांगितलं तेव्हा ती रडायला लागली. चूक तिची नव्हती.

तर तुम्ही ही गोळी घेत असाल किंवा घेणार असाल तर माझं ऐका. सुरू करण्याआधी बीपी, नाडी आणि वजन मोजून कागदावर लिहा. हृदयाचा, किडनीचा काही त्रास असेल, छातीत दुखत असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर फिजिशियनला भेटल्याशिवाय पहिली गोळी तोंडात टाकू नका. सुरू केल्यावर पहिले दोन महिने दर आठवड्याला सकाळी उठल्यावर नाडी मोजा, वजन करा. नाडी नेहमीपेक्षा वीस ठोक्यांनी वाढली, वजन थोड्या दिवसांत दोन किलोनं वाढलं, पायावर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, आडवं झाल्यावर धाप लागली, छातीत दुखलं किंवा घेरी आली, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि बाटलीत किंवा गोळीसोबत फिनास्टेराइड आहे का, ते वाचा. ते वेगळं औषध आहे, त्याचे स्वतःचे त्रास आहेत, लैंगिक तक्रारी त्यात येतात, आणि गरोदर बाईनं त्याला हातही लावू नये. पुष्कळ बाटल्यांत दोन्ही मिसळलेली असतात आणि घेणाऱ्याला ते माहीत नसतं.

बाकी, डॉक्टरनं "औषधं कोणती" असं विचारलं की केसांचं, वजनाचं, झोपेचं, ताकदीचं, सगळं सांगा. लाज वाटत असेल तर स्ट्रिपचा फोटो दाखवा.

आमच्या चुकीचंही सांगतो. त्या बँकेतल्या गृहस्थांनंतर मी दवाखान्याच्या केस पेपरवर एक ओळ छापून घेतली, "केसांसाठी काही घेता किंवा लावता का?" रिसेप्शनवरच्या ताई सगळ्यांना विचारतात. पहिल्याच दिवशी एका निवृत्त मास्तरांनी डोक्यावरून हात फिरवून त्यांना विचारलं की कशाला जखमेवर मीठ चोळताय. दुपारी एक रिक्षावाला आला, वय एकोणतीस, चक्कर येते म्हणून. तो आधी नाही म्हणाला. मग पाकीट उघडून कागदाची पुडी काढली, त्यात ब्लेडनं कापलेले तुकडे होते. पाच महिन्यांत त्याचं बीपी कोणी मोजलेलं नव्हतं. मी मोजलं. बसून ९८/६०, उभं राहिल्यावर ८४. पुडी माझ्या टेबलावर ठेवून गेला आहे, सोमवारी परत यायचं ठरलं आहे.